डाव्या बाजूचा पोचा

"अगं, कात्री नको! नखानं काढ, नखानं," मुलगा ओरडला, तशी सुनेनं कात्री खाली ठेवली आणि ती दोन पावलं मागे सरकली.

जेवणाच्या टेबलावर खोका होता. खोक्यात खोका, त्यात कापूस, कापसात कागद. मिस्त्री खुर्चीत बसून बघत होते. एवढ्या जपणुकीनं आलंय म्हणजे काचेचं काहीतरी असणार, असा त्यांचा अंदाज. शेवटचा कागद निघाला आणि बाहेर आली ती पत्र्याची खेळण्यातली मोटार. वीतभर लांब, गोल नाकाची, जुन्या काळची सहलीची व्हॅन. आतच राहायचं, आतच झोपायचं, तसली. वरून पांढरी आणि खालून निळी, म्हणजे एके काळी असावी. टपावरचा रंग पापुद्रे धरून उडालेला, चाकांच्या कडेनं गंज, आणि डाव्या अंगाला चांगला अंगठा मावेल एवढा पोचा. खिडक्यांवर चित्र छापलेलं होतं. एका खिडकीत किटली धरून उभी असलेली बाई, दुसऱ्या खिडकीत हात हलवणारी दोन पोरं. बाईचा अर्धा चेहरा गेला होता आणि एका पोराचा तर नुसता हातच उरला होता.

"बघा बाबा," मुलगा म्हणाला. "कशी आहे?"

मिस्त्रींनी चष्मा चढवला, व्हॅनकडे चारी बाजूंनी पाहिलं. "मार बसलाय हिला," ते म्हणाले. "बदलून देत नाहीत का?"

मुलगा आणि सून पोट धरून हसली. मिस्त्रीही हसले. आपण काहीतरी गमतीचं बोललो एवढं त्यांना कळलं, पण गंमत कुठे होती ते काही कळलं नाही.

त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत आले होते. उभी हयात त्यांनी एका गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात आणि त्या रंगवण्यात घालवली. बस, टेम्पो, साहेबलोकांच्या मोटारी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. गाडी तयार झाली की मालकाला तिच्याभोवती फिरवून आणायचे आणि विचारायचे, "सांगा बघू, कुठं लागलं होतं?" मालकानं दोनदा फेरी मारून मान हलवली की त्या दिवशी मिस्त्रींना जेवण दोन घास जास्त जायचं. मग बायको गेली. थिनरच्या वासानं छाती धरली, डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं, आणि मुलगा त्यांना आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. इस्त्रीच्या कपड्यांची खोली होती, ती त्यांना मिळाली.

मुलगा वाईट नव्हता. सूनही नव्हती. पाणी मागितलं तर गार की साधं असं विचारणारी होती ती. पण त्या घरात मिस्त्रींच्या हाताला काम नव्हतं. नळ गळायला लागला तर मिस्त्री पाना शोधेपर्यंत सून फोन करून माणूस बोलावून मोकळी झालेली असायची. "तुम्ही कशाला, बाबा? आराम करा," म्हणायची. आयुष्यभर आराम कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या माणसाला तो असा ताटात वाढून दिला की घशाखाली उतरत नाही. ओळखीपाळखीत मुलगा सांगायचा, "बाबा ऑटोमोबाईलमध्ये होते." ऐकणाऱ्याला वाटावं, मोठ्या कंपनीत साहेब होते. मिस्त्री ते ऐकून घ्यायचे. खोटं तर नव्हतं ते.

मुलाला एकच नाद होता, जुन्या पत्र्याच्या गाड्या जमवायचा. हॉलमध्ये त्यानं त्यासाठी खास काचेचं कपाट करून घेतलं होतं. नवी व्हॅन मधल्या फळीवर, दिव्याच्या बरोबर खाली गेली. त्या दिवशी तो फोनवर कुणाशी तरी भरभरून बोलत होता. मिस्त्री गॅलरीत बसले होते.

"हो हो, तीच. किती वर्षं मागावर होतो," मुलगा सांगत होता. "नाही हो, अगदी चांगली कुठली मिळायला? वरचा रंग गेलाय, डाव्या बाजूला पोचा आहे. काय करणार, जी मिळाली ती पदरात घेतली... रविवारी या ना. बघा तर खरं. तुम्ही हो म्हणालात तर यंदा प्रदर्शनात ठेवीन म्हणतो."

काय करणार, असं पोरगं म्हणालं ते मिस्त्रींच्या मनात रुतून बसलं. घरात पोचे काढणारा बाप बसलाय, आणि पोरगं परक्या माणसाला सांगतंय, काय करणार.

दुसऱ्याच दिवशी मुलगा आणि सून तिच्या मावसभावाच्या लग्नाला बाहेरगावी निघाली. निघताना मुलानं सगळं बजावलं. गॅस बंद करा, कुंड्यांना पाणी घाला, बेल वाजली तर आधी भोकातून बघा. कपाटाबद्दल तो काही बोलला नाही. म्हातारा बाप खेळण्याला हात लावील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

दार लागलं आणि मिस्त्रींनी पायात चपला सरकवल्या.

गॅरेज आता त्यांच्या जुन्या शागिर्दाकडे होतं. त्याला सगळे बुटक्या म्हणायचे. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि तेलकट हातानंच त्यांना खुर्ची पुसून दिली.

"मिस्त्री! आज इकडं वाट चुकलात?"

"रंग पाहिजे थोडा. पांढरा आणि निळा. आणि काळा, पोटाला मारायला."

"कुठली गाडी?"

मिस्त्रींनी हातानं वीतभर लांबी दाखवली. बुटक्या हसला, पण थट्टेनं नाही. "हात चालतो का अजून?"

"दे तर खरं. मग बघू."

निळा जमवायला मिस्त्रींनी बराच वेळ घेतला. चाकाच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथं मूळ निळा शाबूत होता. ती व्हॅन त्यांनी पिशवीतून बरोबरच आणली होती. थेंब थेंब टाकून, काडीवर घेऊन, उन्हात धरून त्यांनी तो निळा अगदी तसाच्या तसा उतरवला. बुटक्या नुसता बघत राहिला. "मिस्त्री, आमच्या मशीनला नाही जमत हे," म्हणाला आणि डब्यांबरोबर त्यानं आपला सगळ्यात बारीक ब्रशही बांधून दिला.

मग गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून मिस्त्री बसले. खालच्या पत्र्याच्या जिभा वळवलेल्या होत्या, त्या एकेक करून अलगद सरळ केल्या आणि व्हॅनचं वरचं अंग सोडवलं. पोचा बाहेरून ठोकायचा नसतो. आतून, लाकडाचा तुकडा धरून, गोंजारल्यासारखा काढायचा असतो. तो निघाला तेव्हा पत्रा हलकासा टिचकन वाजला, आणि कितीतरी दिवसांनी मिस्त्री स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, "हां, आता कसं!" जुना रंग त्यांनी पार पत्र्यापर्यंत घासला. अस्तर दिलं, वाळवलं, पुन्हा घासलं, मग रंगाचा पहिला हात, दुसरा हात. छाती भरून आली की आत येऊन पडायचे आणि बरं वाटलं की पुन्हा बसायचे. जेवायची शुद्ध नव्हती. सुनेनं डबे भरून ठेवले होते ते तसेच राहिले.

अडलं ते फक्त खिडक्यांशी. माणसांचे चेहरे काही त्यांना काढता येत नव्हते. जन्मभर त्यांनी गाड्यांवर रेघा मारल्या होत्या, नंबर लिहिले होते. नाक-डोळे कधी काढले नव्हते. एकदा प्रयत्न केला तर किटलीवाली बाई तिरळी झाली. मिस्त्रींनी ती पुसली, थोडा विचार केला, आणि सगळ्या खिडक्यांवर पडदे काढले. पिवळे, बारीक चुण्यांचे, ओढून घेतलेले पडदे. झोपली असतील माणसं, दमली असतील प्रवासानं, असं म्हणून त्यांनी ब्रश धुतला.

मुलगा आणि सून शनिवारी परतली. बॅगा दारातच होत्या आणि मुलगा बूट काढता काढता सवयीनं कपाटाकडे वळला. मिस्त्री मुद्दाम वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते.

"ही कुठली?" मुलगा म्हणाला.

मिस्त्रींनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "ओळखली नाहीस ना? सांग बघू, कुठं लागलं होतं?"

मुलानं काच सरकवली. व्हॅन हातात घेतली. डावी बाजू पाहिली, मग उलटी करून पोट पाहिलं. तिथं बनवणाऱ्यांची छापलेली खूण होती, तिच्यावर आता काळाभोर रंग चकाकत होता. त्यानं खिडक्या पाहिल्या.

"बाबा... हे काय केलंत तुम्ही?"

"आतून काढला पोचा. बाहेरून ठोकला असता तर पत्रा ताणला असता," मिस्त्री अजून हसतच होते. "निळा बघ. तोच आहे. चाकाच्या आतला धरून बनवलाय."

"हा रंग काढता येईल? खालचा राहील का?"

"खालचा कुठला राहायला? पत्र्यापर्यंत नेल्याशिवाय नवा धरतो का कधी?"

हे बोलता बोलताच मिस्त्रींचं हसू विरलं. मुलगा खुर्चीत बसला होता आणि त्याचा चेहरा त्या व्हॅनच्या टपासारखा पांढरा पडला होता.

"अहो, त्यांनी चांगल्यासाठीच..." सून म्हणाली.

"चांगल्यासाठीच! सगळं चांगल्यासाठीच असतं यांचं!" मुलाचा आवाज चढला. "अगं, जुनी होती म्हणून तर घेतली होती! त्या उडालेल्या रंगासाठीच घेतली होती! सगळी मेहनत मातीत घातली. यापेक्षा पायाखाली चेपली असती तरी परवडलं असतं, निदान रंग तरी तिचा राहिला असता!"

मिस्त्रींना काय बोलावं सुचेना. पोरगं लहानपणी रडायला लागलं की त्यांची अशीच गत व्हायची. तेव्हा बायको होती, ती बघून घ्यायची.

"तू फोनवर म्हणालास... काय करणार, म्हणून."

मुलगा उठून आत गेला आणि दार लावून घेतलं.

रविवारी पाहुणे आले. त्यांना टाळता येण्यासारखं नव्हतं. एवढा बडा माणूस परत कधी घरी यायचा? दाढीवाले, जाड भिंगाचा चष्मा, हातात आणखी एक भिंग. या नादातल्या लोकांत त्यांचा शब्द शेवटचा, हे मिस्त्रींच्याही कानावर होतं. सकाळीच सून हळूच म्हणाली होती, "बाबा, पाहुणे असेपर्यंत तुम्ही खोलीत पडा ना जरा. तुम्हाला दगदग नको." मिस्त्री पडले. पण चहा झाला आणि नेमका सुनेचा फोन वाजला, तिच्या आईचा. ती फोन खांद्यात धरून ट्रे उचलायची खटपट करू लागली, ते मिस्त्रींना दारातून दिसलं. "दे इकडे," म्हणून त्यांनी ट्रे घेतला. ती नको नको म्हणेपर्यंत ते हॉलच्या दारापाशी पोचलेही होते.

"अरे अरे अरे," दाढीवाले व्हॅन भिंगाखाली धरून म्हणत होते. "खिडकीतलं कुटुंब गेलं! अहो, त्या कुटुंबासाठी लोक जीव टाकतात. कुणी केला हा कसाईपणा?"



"घरी एक माणूस येतो कामाला," मुलाचा आवाज आला. "आम्ही लग्नाला गेलो होतो. कपाट पुसून ठेव म्हटलं, तर त्यानं हे करून ठेवलं."

मिस्त्री दारात उभे होते. ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या नाहीत. तो हात असा हलणारा नव्हता. मुलानं मान वर केली आणि त्याला ते दिसले.

"या ना," दाढीवाले अगत्यानं म्हणाले. "हे?"

"हे... माझे बाबा."

"बसा, बसा. तुमच्या वयाच्या माणसाला कळेल माझं दुःख." त्यांनी व्हॅन मिस्त्रींच्या हातातच दिली. "बघा, काय करून ठेवलंय त्या गाढवानं. पण एक सांगू? हात कसलेला आहे हो. ही रेघ बघा. सुरू कुठे झाली आणि संपली कुठे, सांगून दाखवा. असा हात आता मिळत नाही. हात आहे, अक्कल नाही."

"हो ना," मिस्त्री म्हणाले. "असल्या माणसाला आधी सांगून ठेवावं लागतं."

"तुम्ही होतात ना घरी? मग अडवलं नाहीत?"

मुलगा फरशीकडे बघत होता. त्याचे कान लालभडक झाले होते.

"डोळा लागला होता माझा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी व्हॅन टेबलावर ठेवली आणि चहाचा कप पाहुण्यांच्या पुढे सरकवला. "घ्या, गार होतोय."

दाढीवाल्यांनी चहा घेतला, बाकीच्या गाड्या पाहिल्या, दोन-तीन गाड्यांना बरं म्हणाले. प्रदर्शनाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मुलानंही काढला नाही. निघताना मात्र दारात थबकले. "बाय द वे, त्या माणसाचा नंबर देता का? माझ्या गाडीला मागून एकानं ठोकलंय. खेळण्यांना नाही शिवू देणार त्याला, पण गाडीला चालेल."



"तो आता काम करत नाही," मिस्त्री म्हणाले.

"काढून टाकलंत?"

"छे. आपणहून सोडलं त्यानं."

पाहुणे गेले. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला तरी तिघंही जागच्या जागी उभी होती. सून स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "मला ऐनवेळी काही सुचलं नाही हो."

"सुचलं की," मिस्त्री म्हणाले. "पटकन सुचलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मुलाला सोपं गेलं असतं. त्यालाही रागावता आलं असतं. ते कपबश्या गोळा करायला लागले. सून पुढे झाली, "राहू द्या, मी करते," म्हणाली. "कामाला येणाऱ्या माणसाचंच काम आहे हे," असं अगदी मिस्त्रींच्या ओठांवर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मिस्त्रींनी ते वाक्य गिळलं. तिच्यावर कशाला काढायचं?

पुढे काही दिवसांनी बुटक्याचा फोन आला. "मिस्त्री, झाली का गाडी? पोरगं खूश झालं का?"

"खूप," मिस्त्री म्हणाले. "बोलायला शब्द नाहीत त्याच्याकडे."

"वाटलंच मला! या की एकदा इकडे. ब्रश घेऊन या येताना."

ब्रश परत करायला म्हणून मिस्त्री गेले, आणि बुटक्याच्या नातीला व्हॅन देऊन आले. मुलानं ती कपाटातून काढून त्यांच्या खोलीत ठेवली होती. "तुमच्याकडेच राहू द्या," एवढंच म्हणाला होता. पोरीनं ती तिथंच गॅरेजच्या मातीत लोटली आणि उजव्या बाजूनं भिंतीवर आपटली. मिस्त्रींनी बघितलं, आणि परतीची वाट धरली.

घर पुन्हा पूर्वीसारखं झालं, म्हणजे निदान वरून. मुलगा ऑफिसातून आल्यावर आवर्जून विचारायचा, "बाबा, गोळी घेतलीत?" सूनही पूर्वीपेक्षा गोड बोलायची. लोकांपुढे मात्र "बाबा ऑटोमोबाईलमध्ये होते" हे वाक्य मुलाच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं नाही. वडील काय करायचे असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "रिटायर झाले आता."

मग एका सुटीच्या दिवशी मुलानं नवा खोका उघडला. यात गाडी नव्हती. लहानसं पितळी कुलूप होतं, काचेच्या कपाटाला बसवायचं. तो ते कुणाला न दाखवता घेऊन आला होता, पण ड्रिलचा आवाज काय लपवणार? मिस्त्री खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. बसूनच राहिले.

मुलाच्या हाताला अशा कामाची सवय नव्हती. ड्रिल घसरलं आणि कपाटाच्या चकचकीत लाकडी चौकटीवर बोटभर लांब, पांढरा ओरखडा उठला. तो चुकचुकला. थुंकी लावून बघितली, रुमालानं घासून बघितलं. ओरखडा आणखीच उठून दिसायला लागला. तो बराच वेळ घुटमळला. मग मागे न वळताच म्हणाला, "बाबा, याला काही करता येईल का हो?"

मिस्त्रींनी चष्मा वर करून पाहिलं. ओरखडा खोल नव्हता. थोडं मेण, थोडा तपकिरी रंग, एक मऊ फडकं. चहा गार व्हायच्या आत झालं असतं, आणि मुलाला शोधूनसुद्धा सापडला नसता.

"येईल की," ते म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "पण राहू दे. जुना होऊ दे. मग शोभेल."

मुलानं राहिलेले स्क्रू पिळले, किल्ली फिरवून बघितली. कुलूप नीट लागलं. आता ती किल्ली कुठे ठेवायची ते त्याला कळेना. ती वडिलांसमोर खिशात घालायला हात धजेना आणि टेबलावर ठेवून देववेना. ती मुठीत धरून तो कपाटासमोर तसाच उभा राहिला.